परशराम मिस्त्रीच्या तोंडातली किल्ली

परशराम मिस्त्रीनं पहिल्याच भेटीत मला मारलं. मी जनावरांची सरकारी डॉक्टर, वय अडतीस, भर दुपार, निपाणीच्या बाहेर चिकोडी रस्त्यावरचं त्याचं गॅरेज, आणि चार गिऱ्हाइकं बाकावर बसून बघतायत. अशा वेळी ह्या गृहस्थानं हातातला रबरी पट्टा माझ्या मनगटावर सणकन ओढला. माझा गुन्हा एवढाच, की जीपचं पाणी कुठून गळतंय ते दाखवायला मी बॉनेटखाली बोट नेलं होतं आणि इंजिन चालू होतं.

मनगटावर लाल वळ उठला. मी बेळगावच्या खासबागेतली, घरात तीन मास्तर, त्यामुळे आवाज माझाही काही कमी नव्हता. "अक्कल आहे का? पोलिसात देईन तुम्हाला!" असं मी ओरडले. तो माझ्याहून मोठ्यानं ओरडला, "द्या की! तक्रारीवर सही कराय हात ऱ्हायलाय न्हवं तुमचा? मग द्या!"

मग त्यानं आत वाकून इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि ती आडवी दातांत धरली. किल्ली दातांत ठेवूनच मला म्हणाला, "आता दावा, कुठं गळतंय." ते मला दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं, कारण किल्लीमागून येणारं त्याचं बोलणं अर्धं थुंकीतच विरघळायचं.

जुन्या जीपचा पंखा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. इंजिनाच्या पुढ्यात, रेडिएटरच्या मागं, पोलादी पात्यांचा पंखा असतो. इंजिनाच्याच पट्ट्यावर तो फिरतो. इंजिन चालू तोवर पंखा चालू, त्याला वेगळं बटण नाही, आणि वर जाळीही नाही. जोरात फिरायला लागला की पाती दिसत नाहीत, नुसतं धुरकट गोल दिसतं. हात तिथं कधी गेला ते हाताच्या मालकाला नंतर कळतं. परशराम म्हणायचा, "ह्यो पंखा डोळं झाकून फिरतोय ओ बाई. त्येला काय कळतंय हात कुणाचा त्ये."

म्हणून त्याच्या गॅरेजात कायदा एकच होता. बॉनेट उघडलं की किल्ली मिस्त्रीच्या तोंडात. खिशात नाही, खुंटीला नाही, तोंडातच. किल्ली त्याच्या दातांत दिसल्याशिवाय कुणी आत हात घातला, तर मार. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, हायवेवरचा ट्रक ड्रायव्हर असो. किल्ल्या धरून धरून त्याच्या पुढच्या दाताला खाच पडली होती. बुटका, मानेनं रेड्यासारखा, डोकं बारीक कातरलेलं, आणि बोलणं सगळं भांडणाचं. चहा प्या म्हणायचा तेही असं, की नाही प्यायलात तर बघून घेईन.

त्या पहिल्याच दिवशी मी भरमूलाही पाहिलं. एका गाडीखालून तो सरपटत बाहेर आला. परशरामचा धाकटा भाऊ, चाळिशीचा, उंच, वाळका. डाव्या हाताची मधली तीन बोटं नव्हती, अंगठा आणि करंगळी तेवढी होती. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, सांगा त्याला, वॉटर पंपाचं शील गेलंय म्हणून."

'तो' दोन हातांवर उभा होता. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा की. इथंच आहेत."

भरमू खाली बघायला लागला. बाकावरची गिऱ्हाइकंही खाली बघायला लागली. शेवटी मीच परशरामकडं वळून म्हणाले, "वॉटर पंपाचं सील गेलंय म्हणतात." परशराम म्हणाला, "हां, ऐकलो." मला वाटलं कुठं येऊन पडले मी. पण निपाणी-सदलगा भागात जुन्या जीपा त्याच्याइतक्या जाणणारा दुसरा कुणी नव्हता, आणि माझी जीप म्हणजे आठवड्यातून दोनदा रस्त्यात उभी राहणारं गाढव. त्यामुळे पुढची नऊ वर्षं मी दोघा भावांचे निरोप पोचवत राहिले.

भरमूच्या बोटांची गोष्ट मला परशरामनंच सांगितली. जीप दुरुस्त झाल्यावर तो शेजारी बसून मला सदलग्याच्या रस्त्यानं एक फेरी मारून आणायचा, आवाज ऐकायला. अशाच एका फेरीत, समोर बघत, कुणी विचारलेलं नसताना तो बोलायला लागला.

"भरम्या पट्टा चढवालता. मी आत बसलेलो. गिऱ्हाईक उरावर बसलंतं, लौकर करा, लौकर करा. मी फुडं बघितलोच न्हाय. दाबलो बटण. तीन बोटं गेली. एक रेडिएटरच्या जाळीत अडकलंतं. मीच काढलो चिमट्यानं."

मी जीपचा वेग कमी केला.

"तवाधरनं बोलत न्हाय माझ्यासंगं. एका ताटलीत जेवतोय, एका छपराखाली निजतोय, एका गाडीवर काम करतोय. पण बोलत न्हाय. डॉक्टरबाई, मला माफी नको. एक शिवी घालावी गा त्यानं मला. एकच. आईवरनं घातली तरी चालंल, आई काय त्याची येगळी हाय काय?"

असं म्हणून तो हसला, आणि पुढच्या वळणावर एक ट्रॅक्टरवाला वाट देईना म्हणून चालत्या जीपमधून उडी टाकून त्याच्या अंगावर धावून गेला. मी जीप थांबवून धावले आणि त्याचा शर्ट धरून मागं ओढला, तर शर्टाची शिवण माझ्या हातात आली. त्याचं असंच होतं. जे भरमूला सांगायचं असायचं ते सगळं तो रस्त्यावरच्या माणसांवर काढायचा.

ऊसतोडणीच्या एका मुकादमाची गोष्ट तर सगळ्या निपाणीला माहीत आहे. हा मुकादम घाईत होता. परशरामनं किल्ली तोंडात घेतली, डोकं बॉनेटमध्ये घातलं. मुकादमाच्या खिशात दुसरी किल्ली होती. किती वेळ लावतोय हा, म्हणून त्यानं आत बसून गाडी चालू केली. परशरामच्या कानाला पात्याचा वारा लागला. केस कापले गेले, कान वाचला.

मी त्या दिवशी तिथंच होते, म्हणून ऐकीव सांगत नाही. परशराम बॉनेटमधून बाहेर आला, मुकादमाला खिडकीतून कॉलरला धरून ओढला आणि त्याचं तोंड तापलेल्या बॉनेटवर दाबलं. मुकादम बोंबलायला लागला. परशरामच्या दातांत अजून किल्ली होती. तो किल्लीमागून नुसता गुरगुरत होता आणि दाबत होता. चार माणसं लोंबकळली तरी सुटेना. मग मागून भरमूनं एक मोठा पाना उचलला आणि पत्र्याच्या भिंतीवर असा फेकून मारला की सगळं गॅरेज हादरलं. परशराम थांबला. मागं वळून भावाकडं बघितलं. त्याच्या तोंडावर तेव्हा जे होतं ते मी विसरलेले नाही. आता तरी बोलेल, असं त्याला वाटलं होतं. भरमू पाना उचलून परत गाडीखाली गेला.

मुकादमाच्या गालावर नाण्याएवढा फोड आला होता आणि एक दात पडला होता. पोलीस आले. त्यातला हवालदार विजापूरकडचा, त्याला मराठी अर्धंच यायचं. त्यानं कापलेले केस बघितले, दुसरी किल्ली बघितली, मुकादमाचं रडगाणं ऐकलं आणि "साकु, साकु," म्हणजे पुरे पुरे, म्हणत मुकादमालाच गाडीत बसवून घालवून दिलं. मी परशरामला म्हटलं, "मेला असता तो!" तर म्हणाला, "मी मेलो असतो त्येचं काय? आणि माझं जाऊ द्या ओ. तिथं भरम्या असता म्हंजे?"

माझ्या हातून जे झालं ते त्याच्या पुढच्या पावसाळ्यातलं. आणि ते सांगताना मला आजही माझाच राग येतो.

परशरामची मला एक ताकीद होती. जीप पाण्यात घालायच्या आधी थांबायचं, बॉनेट उघडायचं, पंख्याचा पट्टा उतरवायचा, मग ओढा ओलांडायचा, पलीकडं जाऊन पट्टा परत चढवायचा. कारण फिरता पंखा पाण्यात बुडाला की पाती पुढं वाकतात आणि रेडिएटर खातात. हे त्यानं मला दहा वेळा सांगितलं होतं, अकराव्यांदा दरडावलं होतं. त्या दिवशी सदलग्याच्या अलीकडं एक म्हैस अडली होती. रेडकू आडवं, पहाटेपासून म्हैस कळा देतेय. ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी. मी म्हटलं, पट्टा काढण्यात दहा मिनिटं घालवू? आणि घातली जीप पाण्यात.

ओढ्याच्या मध्यावर लोखंड फाडल्यासारखा आवाज झाला. पाती वाकली होती आणि रेडिएटरमध्ये घुसून फिरत होती. पाण्याची, वाफेची, पितळेच्या चुऱ्याची नुसती भकभक उडाली आणि जीप बंद पडली. मी औषधांची पेटी डोक्यावर घेऊन मांडीएवढ्या पाण्यातून चालत निघाले, दीड मैल चिखल तुडवला. पोचले तेव्हा म्हैस गोठ्यात आडवी पडून गार झाली होती. रेडकू पोटातच. त्या घरची म्हातारी मला काही बोलली नाही. तिनं मला पाय धुवायला पाणी दिलं. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

परत ओढ्यावर आले तर कुणा वाटसरूच्या निरोपावरून दोघं भाऊ ट्रॅक्टर घेऊन आलेले, जीप काठावर ओढलेली. परशरामनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हैस गेली हे त्याला कळलं. त्यानं मला मारलं नाही, शिवीही दिली नाही. किल्ली दातांत धरली, चार बोल्ट सोडले, तो वाकडातिकडा पंखा बाहेर काढला, दगडावर ठेवला आणि घण घेतला.

मी माणसाला लोखंड मारताना पाहिलंय, पण असं नाही. तो पंख्याला जिवे मारत होता. ठिणग्या उडत होत्या, पातं तुटून त्याच्या भुवईला लागलं, रक्त डोळ्यात उतरलं, तरी हात थांबेना. किल्ली कधीच खाली पडली होती आणि तो घणाच्या प्रत्येक घावाला ओरडत होता, "घे! घे! आणि घे! किती खातोस रं? किती खाशील?" भरमू दोन्ही हात बगलेत धरून बघत होता. पंखा पत्र्यासारखा सपाट झाल्यावर परशराम खाली बसला आणि म्हणाला, "आजपासनं ह्यो माझ्या गॅरेजात न्हाय. कुणाच्याच गाडीत न्हाय."

मी म्हटलं, "चूक पंख्याची नाही, मिस्त्री. माझी आहे."

"तुमची हाय, माझी हाय, म्हणून पंखा काय निर्दोष हाय?" तो म्हणाला.

आठवडाभरात त्यानं कोल्हापूरच्या भंगार बाजारातून मोडक्या मोटारींचे विजेवर चालणारे पंखे आणले. जोडी जोडीनं. काळ्या प्लॅस्टिकची पाती, भोवती खोकं, मागं छोटी मोटर. पट्ट्याशी, इंजिनाशी काही संबंध नाही. पहिली जोडी माझ्या जीपला बसवली. रेडिएटरला टेकून दोन पंखे शेजारी शेजारी, आणि स्टिअरिंगजवळ एक बटण. पाण्यात जायचं तर बटण बंद करा, पंखे गप उभे. बाहेर आलात की चालू करा. बॉनेट उघडायला नको, पट्टा काढायला नको. इंजिनाचा आवाजसुद्धा निम्म्यावर आला. पहिल्या फेरीला परशराम सगळ्या रस्त्यानं हसत होता. इतका वेळ हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याची जरा भीतीच वाटली.

भरमूला मात्र हे पटलं नाही. मला म्हणाला, "बाई, सांगा त्याला. जुना पंखा फिरतोय तवर आवाज तरी करतोय. ह्यो कवा फिरंल, कवा न्हाय, आपल्याला काय कळतंय?"

मी निरोप दिला. परशराम म्हणाला, "त्येला म्हणावं, तू सोता येऊन सांग. मग ऐकतो."

भरमू आला नाही.

भरमूचं आयुष्यात एकच वेड होतं. त्याची स्वतःची एक तोकडी, टप काढलेली जीप होती आणि पाऊस ओसरला की बोरगावच्या पडीक रानात चिखलातल्या शर्यती व्हायच्या, त्यात तो उतरायचा. कोल्हापूर-बेळगावची पोरं लाखांच्या गाड्या घेऊन यायची, आणि हा दोन बोटांनी गिअर टाकून त्यांना चिखल चारायचा. फक्त एक रडगाणं होतं. शर्यत संपवून इंजिन बंद केलं की तापलेलं पाणी उसळायचं, झाकण उडायचं.

परशरामनं त्यावर तोड काढली. भरमूच्या जीपचे पंखे त्यानं किल्लीवर ठेवलेच नाहीत. थेट बॅटरीला जोडले. मधे रेडिएटरला एक ताप ओळखणारं बटण. आत पाणी तापलं की ते आपोआप जोडणार, निवलं की आपोआप तोडणार. गाडी बंद असो, किल्ली काढलेली असो, पंखे इंजिन थंड करूनच थांबणार. "भरम्याच्या गाडीला राजाची सोय केलोय," असं मला सांगताना त्याचा ऊर भरून आला होता. मी मान डोलावली. मी शिकलेली बाई, सरकारी डॉक्टर. माझ्याही डोक्यात आलं नाही. आम्हा सगळ्यांना इतक्या वर्षांत एकच गोष्ट बघायची सवय लागली होती, मिस्त्रीच्या दातांत किल्ली आहे ना? आहे. मग घाल हात.

शर्यतीच्या दिवशी मी बोरगावच्या रानात होते. एक गाडी उलटून एका पोराचं गळपट्टीचं हाड मोडलं. दुसऱ्या दोन गाड्या एकमेकींना धडकल्या आणि त्यांचे मालक चिखलात लोळून मारामारी करत होते. लोक शिट्ट्या मारत होते. भरमूनं कडेच्या खड्ड्यातून जीप घातली. त्या खड्ड्यात शेजारच्या शेतातला उसाचा पाला कुजत पडला होता. सगळा पाला पुढून आत घेऊन, वाफा टाकत, तो पहिला बाहेर आला आणि आमच्यासमोर येऊन थांबला. इंजिन बंद केलं. परशराम धावला, किल्ली काढली, दातांत धरली, बॉनेट उघडलं.

दोन्ही पंखे पाल्यानं, चिखलानं गच्च भरले होते. भरमूनं भावाच्या तोंडाकडं बघितलं. किल्ली होती. त्यानं उजवा हात, चांगला हात, पात्यांमध्ये घातला आणि पाला उपसायला लागला.

तेवढ्यात 'टक' झालं. लहानसा आवाज. मी ऐकला, पण मला त्यातलं काय कळणार? परशरामला कळलं. ताप ओळखणारं बटण जुळून वीज आली होती, पंखे फिरायला बघत होते, आणि फक्त त्या पाल्यामुळं अडले होते. भरमूनं आणखी एक मूठ पाला ओढला की पातं सुटणार होतं.

परशरामनं ओरडायला तोंड उघडलं. शब्द किल्लीवर अडला. मी त्याच्या शेजारी होते, घशातून नुसता 'घर्र' असा आवाज आला. किल्ली थुंकून नाव घेण्याइतका वेळ नव्हता. त्यानं स्वतःचा हात भरमूच्या हातावरून आत खुपसला आणि पाती मुठीत धरली. पाला सुटला. पाती त्याच्या मुठीत फिरली.

प्लॅस्टिकची पाती पोलादासारखी तोडत नाहीत, ती फोडतात. दोन बोटं उलटी वाकली, एक नख गेलं, तळहात अंगठ्याच्या मुळापासून उसवला. रक्त पंख्याच्या वाऱ्यानं आमच्या तिघांच्या तोंडावर उडालं. भरमूनं हात मागं खेचला, त्याला नुसतं खरचटलं होतं. त्यानं आधी बॅटरीची तार हिसडून तोडली. मग परशरामचा हात सोडवला.

आणि मग त्यानं भावाला मारायला सुरुवात केली.

खरं सांगते, मला वाटलं आता खून होतोय. त्यानं परशरामला चिखलात पाडला, छातीवर बसला आणि दोन्ही हातांनी, दोन बोटांच्या हातानंसुद्धा, तोंडावर मारायला लागला. "सुक्काळीच्या! कुणी सांगितलंतं तुला हात घालाय? कुणी सांगितलंतं? माझा हात हुता! माझा गेला असता! तुजं काय गेलंतं?"

लोक धावले. परशराम खालून ओरडला, "कुणी मधी यायचं न्हाय! मारू द्या त्येला!" ओठ फुटला होता, हातातून रक्ताची धार लागली होती, आणि हा माणूस लोकांना हाकलत होता. मीच भरमूच्या काखेत हात घालून त्याला उठवायला गेले तर त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"अठरा वर्सं!" भरमू ओरडला. आता मारत नव्हता, भावाचा शर्ट धरून गदागदा हलवत होता. "अठरा वर्सं तू सगळ्या गावाला मारत सुटलाईस. माझ्या बोटांपायी. ह्येचं थोबाड फोड, त्येचं मुस्काट फोड. मला एकदा तरी इचारलास काय रं? भरम्या, दुखतंय काय, म्हणून? एकदा?"

परशराम पडल्या पडल्या त्याच्याकडं बघत राहिला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. शिवी मिळावी म्हणून अठरा वर्षं वाट बघणाऱ्या माणसाला, समोरचा एका प्रश्नाची वाट बघतोय, हे सुचलंच नव्हतं.

रक्त थांबत नव्हतं. निपाणीचा दवाखाना अर्ध्या तासावर. माझ्याकडं जनावरांची पेटी. माणसाला टाके घालायचा मला अधिकार नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "म्हशीला घालताईसा तसं घाला ओ." मी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, पण ते लागू व्हायला दम धरायला हवा होता, आणि तो दम ना त्याला होता ना त्या जखमेला. जीपच्या मागच्या फळीवर त्याला बसवून मी जाड सुई घातली. भरमूनं मनगट दाबून धरलं होतं. चौथ्या टाक्याला परशरामचं सगळं अंग थरथरलं, दात करकरले. चिखलानं माखलेलं तोंड त्यानं भावाकडं वळवलं.

"भरम्या," तो म्हणाला. "दुखतंय काय रं?"

भरमूनं डाव्या हाताकडं बघितलं.

"थंडीत," तो म्हणाला. "थंडीत लई ठणकतंय, आप्पा. नसलेली बोटंच ठणकत्यात."

मी पाच टाके घातले आणि नंतर दवाखान्यात पाठवलं. बोटं डॉक्टरांनी सरळ केली, पण एक कायमचं वाकडं राहिलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाके बघून हे कुणी घातले असं विचारलं, तेव्हा दोघा भावांनी एका तोंडानं सांगितलं, माहीत न्हाय.

त्यानंतर वर्षभरात माझी बदली खानापूरला झाली. जायच्या आधी जीपला तेल घालून घ्यावं म्हणून सकाळी सातला गॅरेजात गेले. पौषातली थंडी होती, उसावर धुकं होतं. गॅरेजच्या पत्र्याआड शेगडी पेटली होती आणि तव्यावर जाडं मीठ तडतडत होतं. परशराम उकिडवा बसला होता. त्यानं वाकड्या बोटाच्या हातानं मीठ फडक्यात बांधलं, पुरचुंडी आपल्या गालाला लावून बघितली आणि भरमूच्या डाव्या हाताच्या थोटकांवर दाबली.

"भाजलास की रं, सुक्काळीच्या!" भरमू किंचाळला आणि चांगल्या हातानं भावाच्या डोक्यात फाडकन एक ठेवून दिली. "मीठ भाजालाईस का माझा हात? डोळं फुटलं काय तुजं?"

परशरामनं मान खाली घातली. दुसरी बसली, तिसरी बसली. मी दारात उभी आहे हे त्याला दिसलं होतं. मला हातानं 'थांबा' म्हणून खूण केली आणि भावाला विचारलं, "आता? आता दुखतंय काय?"